नाटकाला जाताना जेवायचं कुठे? पुण्यातल्या बालगंधर्व, भरत आणि टिळक स्मारकच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही घरची मंडळी महिन्यातून दोनदा तरी नाटकाला जातो. त्यामुळे बाहेरगावचे नातेवाईक, सोसायटीतल्या मैत्रिणी, मुलीच्या ऑफिसातली मंडळी, सगळे तिकिटं काढली की मला फोन करतात. नाटक कसं आहे हे विचारायला कमी आणि जेवायचं कुठे हे विचारायला जास्त. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीभोवती आहे: तिसरी घंटा, म्हणजे नाटक सुरू होण्याची खूण, होईल तेव्हा तुम्ही शांतपणे खुर्चीत बसलेले असायला हवेत. हॉटेल त्या हिशेबानं निवडा.

जेवण प्रयोगाच्या आधी करावं की नंतर?

प्रयोग कितीचा आहे त्यावर. पुण्यात मराठी नाटकांच्या वेळा साधारण ठरलेल्या आहेत: दुपारी १२.३०, संध्याकाळी ५ किंवा ५.३० आणि रात्री ९.३०. तिन्हींचं गणित वेगळं.

दुपारचा प्रयोग सगळ्यात फसवा. लोक म्हणतात, 'सुटल्यावर जेवू.' नाटक सुटायला तीन वाजतात, आणि तोवर थाळीच्या बऱ्याच ठिकाणी दुपारची पंगत आवरत आलेली असते. मग उन्हात उपाशी पोटी एकेका दारावर चौकशी करत फिरावं लागतं. अशा दिवशी साडेदहा-अकराला घरूनच भरपेट खाऊन निघावं आणि नाटकानंतर दिवसभर चालू असणाऱ्या ठिकाणी डोसा-उत्तप्पा खावा.

संध्याकाळचा प्रयोग जेवणासाठी सगळ्यात सोयीचा. चारला चहा आणि काहीतरी हलकं, आठला नाटक सुटलं की निवांत जेवण. नाटकावर बोलायलाही वेळ मिळतो, आणि ते बोलणं मला नाटकाइतकंच आवडतं. फक्त रविवारी तुमच्यासारखेच शेकडो लोक त्याच मिनिटाला बाहेर पडलेले असतात, हे धरून चाला.

रात्रीच्या प्रयोगाला आधीच जेवा. यात दुसरा विचार नको. कारण खाली मध्यरात्रीच्या प्रश्नात आहे.

किती वेळ हाताशी ठेवावा?

तिसऱ्या घंटेपासून मागे मोजत या. साडेनऊचा प्रयोग आहे. ९.१० ला नाट्यगृहाच्या फाटकात असायला हवं, कारण प्रसाधनगृहाची रांग, तिकिटं दाखवणं, बाल्कनीचे जिने, सगळ्याला वेळ लागतो. हॉटेल ते नाट्यगृह पायी १५ मिनिटं, म्हणजे ८.५५ ला उठायचं. बिल यायला १० मिनिटं. घाई न करता जेवायला पाऊण तास. शनिवार-रविवार असेल तर टेबल मिळायला अर्धा तास. म्हणजे साडेसातला तुम्ही हॉटेलच्या दारात हवेत. 'साडेनऊचं नाटक, साडेआठला जेवायला भेटू' हा बेत आठवड्याच्या शेवटी जमत नाही. माझा कधीच जमलेला नाही.

हे मी फार किंमत मोजून शिकले. काही वर्षांपूर्वी वडिलांना एका संगीत नाटकाला नेलं होतं. आधी अमर्याद थाळी. नाव लिहून रांगेत उभं राहण्यात चाळीस मिनिटं गेली, बसल्यावर वाढप्यांची ये-जा मंदावलेली, आणि शेवटी सुट्ट्या पैशांवरून बिल अडलं. आम्ही आत पोचलो तेव्हा नांदी संपली होती. बाबा त्याआधी आठवडाभर ती नांदी गुणगुणत होते. अंधारात जागा शोधताना ते काहीच बोलले नाहीत, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे. ते नाटक त्यांच्याबरोबर पुन्हा पाहणं झालं नाही.

बालगंधर्वजवळ नेमकं कुठे जावं?

बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावर आहे, त्यामुळे पर्याय भरपूर. पर्याय भरपूर म्हणूनच माणसं गोंधळतात. मी जवळ, मध्यम आणि लांब असे तीन भाग करते.

अगदी जवळ, म्हणजे पाच-सात मिनिटांच्या अंतरात, जंगली महाराज रस्त्यावरचीच हॉटेलं. पावभाजी, डोसे, पंजाबी भाज्या देणारं पांचाली कित्येक वर्षं नाटकवाल्यांच्या पायाखालचं आहे. मराठी पद्धतीचं जेवण हवं तर याच रस्त्यावर मथुरा. वेळ कमी असेल तर या पट्ट्याबाहेर जाऊच नका.

मध्यम अंतर म्हणजे फर्ग्युसन रस्ता आणि गुडलक चौक. वैशाली, रूपाली, वाडेश्वर ही नावं तुम्हाला ठाऊक आहेतच. वैशालीची एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, आणि फिल्टर कॉफी यासाठी बाहेरगावचे पाहुणे हटून बसतात. त्यांना जरूर न्या, पण संध्याकाळच्या प्रयोगानंतर न्या, आधी नाही. दारातली गर्दी आपल्या घंटेसाठी थांबत नाही. गुडलक १९३५ पासूनचं इराणी: बन मस्का, चहा, खिमा, ऑम्लेट. दोघंच असाल आणि पाऊण तास हाताशी असेल तर चालेल. आठ जणांचं कुटुंब घेऊन रविवारी संध्याकाळी जाऊ नये.

लांबचा पर्याय म्हणजे आपटे रस्त्यावरचं श्रेयस किंवा डेक्कनचं सुकांता. दोन्ही ठिकाणी थाळी, दोन्ही ठिकाणी बसून, मागून घेऊन जेवायचं. घरातल्या ज्येष्ठांना आळूचं फदफदं, मसालेभात, मठ्ठा असं साग्रसंगीत हवं असेल तर ही जागा योग्य. पण तो मुख्य कार्यक्रम होतो. त्या दिवशी नाटक संध्याकाळचं असू द्या.

गाडीनं गुडलकला जेवून बालगंधर्वला यायला किती वेळ लागतो?

पायी लागतो त्यापेक्षा जास्त. जंगली महाराज रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे एकेरी आहे आणि फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून शिवाजीनगरकडे. म्हणजे गुडलक चौकातून बालगंधर्व हाकेच्या अंतरावर असलं तरी गाडीला सरळ जाता येत नाही, फर्ग्युसन रस्त्यानं वर जाऊन वळसा घ्यावा लागतो. सिग्नल आणि पार्किंगची शोधाशोध धरली तर अर्धा तास सहज जातो. गाडी आधी नाट्यगृहाजवळ लावा, मग चालत जेवायला जा आणि चालत परत या. क्रम उलटा केला की घोटाळा झालाच.

त्याहून बरं म्हणजे मेट्रो. वनाज ते रामवाडी मार्गावरचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक बालगंधर्वला सोयीचं, डेक्कन जिमखाना स्थानक त्याच्या शेजारचं. रात्रीच्या प्रयोगाहून परतताना मात्र मेट्रोवर विसंबू नका, नाटक सुटेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते.

भरत नाट्य मंदिराला जायचं आहे. सदाशिव पेठेत काय खावं?

भरतचा परिसर माझ्या मनाच्या फार जवळचा. या संस्थेचं मूळ १८९४ च्या स्टुडंट्स सोशल क्लबमध्ये आहे. १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा म्हटलं की पुण्याच्या माणसाला भरतच आठवतं. स्पर्धेच्या दिवसांत बाहेर कॉलेजच्या पोरांचे घोळके, 'अरे आव्वाऽज कुणाचा' च्या आरोळ्या आणि हातात चहाचे पेले. त्या काळात जवळपासच्या टपऱ्यांवर आणि स्नॅक्सच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते, तेव्हा जरा दूरचं ठिकाण धरा.

एरवी पेठेतल्या पेठेत पुष्कळ आहे. पेरुगेटजवळ पुरेपूर कोल्हापूर: तांबडा-पांढरा रस्सा, मटण थाळी. झणझणीत खाऊन लगेच अडीच तास बंद नाट्यगृहात बसणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून तेही प्रयोगानंतरच. निंबाळकर तालीम चौकात सुजाता मस्तानी. दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा असा तो प्रकार, एक पेला म्हणजे अर्धं जेवणच. एप्रिल-मे महिन्यात आंब्याची घ्यावी. दोघांत एक पुरते.

जरा चालायची तयारी असेल तर लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाउस. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते सुरू केलं, आणि नाटक-सिनेमाच्या माणसांचा राबता तिथे पुढेही राहिला. नाटकाच्या आधी थालीपीठ खायला यापेक्षा शोभेशी जागा मला माहीत नाही.

टिळक स्मारक मंदिर किंवा हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह असेल तर?

टिळक रस्ता. थाळीसाठी दुर्वांकुर, साध्या घरगुती जेवणासाठी बादशाही. ही दोन नावं लक्षात ठेवा. बादशाहीचं जेवण मला नाटकाआधी सगळ्यात योग्य वाटतं: पोळ्या, भाजी, आमटी, भात, ताक, उगाच जडपणा नाही. वेळा काटेकोर असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. सामिष हवं असेल तर एस. पी. महाविद्यालयासमोर एसपीज बिर्याणी. स्वारगेटच्या भुयारी मेट्रो स्थानकावरून हिराबाग पायी येण्यासारखी आहे.

शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर प्रायोगिक नाटक आहे. तिथे?

जागा छोटी, प्रेक्षक नटांपासून हातभर अंतरावर. तुमच्या पोटाचा आवाजही पहिल्या रांगेला ऐकू जाईल, म्हणून उपाशी जाऊ नका आणि कांदा-लसूण खाऊनही जाऊ नका. सकाळी या भागात आलात तर मिसळ: शनिवार पेठेतलं श्री उपाहारगृह किंवा नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर. केसरीवाड्याच्या बाजूला प्रभा विश्रांतिगृहाचा बटाटेवडा. ही सगळी पेठेतली जुनी दुकानं आहेत. ती आपल्या वेळेला उघडतात आणि माल संपला की थांबतात. संध्याकाळच्या जेवणाचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

अमर्याद थाळी खाऊन नाटकाला गेलं तर काय बिघडतं?

झोप येते. गार हवा, अंधार, मऊ खुर्ची आणि पोटात श्रीखंड-पुरी. मी शेजारच्या खुर्च्यांवर भलेभले रसिक पहिल्या अंकातच पेंगताना पाहिले आहेत. समोर नट जीव ओतून काम करत असतो आणि त्याला पहिल्या चार रांगा स्वच्छ दिसतात. थाळी खायचीच असेल तर गोडाची एकच वाटी आणि भात एकदाच, किंवा मग नाटकानंतर.

मध्यंतरात खाऊन भागवता येईल का?

भूक मोडेल, जेवण होणार नाही. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात बटाटेवडा आणि चहा होतो. पण हा बटाटेवडा टाळू नका. नाट्यगृहाच्या उपाहारगृहातल्या गरम वड्याचा वास आला की आपण मराठी नाटकाला आलो आहोत याची खात्री पटते. दोघं असाल तर एकानं वड्याच्या रांगेत आणि एकानं चहाच्या रांगेत उभं राहायचं. पैसे सुटे ठेवा किंवा मोबाइलवरून द्या. वडा बाहेरच संपवा, आत नेऊ नका. कागदाचा चुरचुर आवाज शांत प्रवेशात फार लांबवर जातो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत 'शाकुंतल'चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. त्या आणि त्यानंतरच्या काळातली संगीत नाटकं रात्र रात्र चालत. माणसं घरी जेवून येत आणि उजाडता परतत. आपल्याला नाटक अडीच तासांचं मिळतं, तेव्हा जेवणाचा वेळ आपणच आखायला हवा.

रात्रीचं नाटक साडेबाराला सुटलं. आता काय मिळेल?

फार थोडं. बसून जेवण्याची ठिकाणं तोवर शटर ओढून मोकळी झालेली असतात. स्वारगेट किंवा रेल्वे स्टेशनच्या बाजूला भुर्जी-पावाच्या गाड्या दिसतात, पण कुटुंब घेऊन तिकडे भटकण्यात अर्थ नाही. नळ स्टॉपला पहाटे मिळणारे पोहे प्रसिद्ध आहेत, पण साडेबारा आणि पहाट यांच्यात बराच काळ जायचा असतो. साडेसातलाच जेवून घ्या आणि घरी मुगाची खिचडी नाहीतर दहीभात झाकून ठेवा. आमच्याकडे तो दहीभात स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून खाताना नाटकावरची सगळ्यात चांगली चर्चा होते.

बरोबर ऐंशीच्या घरातले आई-वडील आहेत. काय पाहावं?

हॉटेल पहिल्या मजल्यावर असेल तर सोडून द्या. प्रसाधनगृह तळमजल्यावर आहे का आणि तिथे भारतीय पद्धतीचीच सोय आहे का, हे फोनवर विचारायला लाजू नका. मधुमेह असेल तर गोळी किंवा इन्सुलिनच्या वेळेला जेवण झालंच पाहिजे, टेबल मिळायची वाट पाहत बसता येत नाही. अशा वेळी मी घरून पोळीभाजी देते आणि हॉटेलात फक्त ताक घेते. त्यात कमीपणा नाही. पर्समध्ये राजगिऱ्याची वडी किंवा बिस्किटं असू द्यावीत. आणि त्यांना रस्ता ओलांडायला लागणार नाही अशाच बाजूचं हॉटेल निवडा. जंगली महाराज रस्ता एकेरी असल्यानं वाहनं वेगात येतात.

लहान मुलं आहेत. बालनाट्याला चाललो आहोत.

आधी साधं खाऊ घाला, गोड आणि आइस्क्रीम नंतरच्या लालचीसाठी राखून ठेवा. बालगंधर्वच्या जवळ संभाजी उद्यान आहे. वेळेआधी पोचलात तर हॉटेलात मुलांना रागवत बसण्यापेक्षा तिथे पळू द्या.

उपवास आहे.

साबुदाण्याची खिचडी किंवा वडा डेक्कन आणि पेठांत बऱ्याच मराठी हॉटेलांत मिळतो. एकादशी किंवा चतुर्थीला तो लवकर संपतो, तेव्हा दुपारीच खाऊन घ्या.

बिलात सेवा शुल्क लावलं आहे. द्यावंच लागतं का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलाला ते आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही तत्त्वं उचलून धरली. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या हॉटेलात तो ५ टक्के असतो. शांतपणे 'हे काढून द्या' म्हणा, बहुतेक ठिकाणी काढतात. नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण घंटा जवळ आली असेल तर तिथे वाद घालत बसू नका. बिल जपून ठेवा आणि तक्रार दुसऱ्या दिवशी करा. वाढप्याला खुशीनं दिलेले दहा-वीस रुपये ही वेगळी गोष्ट आहे, ते जरूर द्या. रविवारी रात्री तो आपल्यासाठी किती खेपा घालतो ते पाहा.

मोबाइलवरचे तारे पाहून हॉटेल निवडावं का?

तारे देणारा माणूस कदाचित मंगळवारी दुपारी तीनला जेवला असेल. तुम्हाला रविवारी साडेसातचं जेवण हवं आहे. ताऱ्यांपेक्षा फोन करून तीन प्रश्न विचारा: आत्ता किती थांबावं लागेल, शेवटची ऑर्डर कितीला घेता, आणि नऊपर्यंत मोकळं कराल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे सरळ मिळतं तिथे जा. 'आम्हाला नाटक आहे' हे बसल्याबसल्या सांगावं. या भागातल्या जुन्या वाढप्यांना त्याचा अर्थ चांगला कळतो.

पावसाळ्यात किंवा गणपतीत काही वेगळं?

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नारायण पेठेतून डेक्कनला येणारी वाहतूक दुसऱ्या पुलांवर लोटते. त्या दिवशी नदीच्या ज्या काठाला नाटक, त्याच काठाला जेवण. गणपतीत पेठांतले रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद होतात. भरत किंवा सुदर्शनला जायचं असेल तर गाडी विसरा आणि घरून खाऊन निघा.

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाबद्दल काहीच लिहिलं नाहीत?

तिथलं गणित सोपं आहे. राहत्या वस्तीतलं नाट्यगृह, प्रेक्षकही बरेचसे आसपासचे. घरी जेवून जा. पाहुणे असतील तर कर्वे रस्त्यावर येताना जे हॉटेल डाव्या हाताला लागेल तिथे थांबा, म्हणजे रस्ता ओलांडून वळायची वेळ येत नाही.

मी एकटीच नाटकाला जाते. एकटीनं जेवायला कुठे बसावं?

हा प्रश्न मला हल्ली वारंवार येतो आणि त्याचा मला आनंद होतो. एकट्या माणसाला टेबल लवकर मिळतं, तो फायदा घ्या. डोसा-इडलीच्या हॉटेलांत अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून बसायची पद्धत आहे, तिथे एकटीनं जेवताना कुणी वळून पाहत नाही. रात्रीच्या प्रयोगाला मी सातला जाते, इडली-वडा सांबार आणि कॉफी घेते, आणि आठ-सव्वाआठला बालगंधर्वच्या आवारात येऊन बसते. तासभर नुसती माणसं पाहते. परवा शेजारी एक आजी येऊन बसल्या, त्याही एकट्याच. त्यांनी डब्यातला खाकरा पुढे केला, मी चहा आणला, आणि पहिली घंटा झाल्यावर आम्ही दोघी बरोबरच आत गेलो.